चाळिसाव्या पायरीवर

बॅग अजून दाराशीच आहे, आडवी,
पोटात सहा आठवडे घेऊन.
गेथिन तिला ओलांडून कामावर जातो,
मांजर तिच्यावर झोपतं.
आज अकरावा दिवस.

फार्मसीतली मारेड फोनवर विचारते,
झाली का छान विश्रांती?
मस्त, मी म्हणते.
एका शब्दात भागतं.
दुसऱ्या शब्दासाठी भिंतीला टेकावं लागतं.

खरं सांगायचं तर
मँचेस्टरला पट्ट्यावरून बॅग आली, माझी काठी आली,
मी आले नव्हते.
मी पोचले तिसऱ्या दिवशी, पहाटे तीनला,
एकेक सांधा वेगळ्या विमानाने आल्यासारखी:
आधी मनगटं, मग गुडघे,
मग दहाच्या दहा बोटं, सुजलेली,
कुणा दुसऱ्याच बाईची.
आणि गालांवर ते लाल फुलपाखरू.
ल्युपसच्या पुरळाला हे नाव ज्यानं दिलं
त्यानं फुलपाखरू कधी पाहिलं नसावं.

न्यूझीलंडला जाताना वाटेत एक बुधवार हरवला होता,
समुद्रावर, झोपेत.
गोळ्यांच्या डबीत त्याचा कप्पा भरलेलाच राहिला.
येताना बुधवार दोनदा आला
आणि मला कळेना
गोळ्या कोणत्या बुधवारच्या घ्यायच्या.

गेथिननं गादी खाली आणलीय, पुढच्या खोलीत.
खिडकीतून बार्मथ दिसतं ते असं:
छत्र्यांचे खालचे अर्धे,
कुत्री,
ओल्या पाटीच्या दगडाची कुंपणं,
आणि भरती असेल तर तिचा नुसता आवाज.
तिकडे उन्हाळा होता.
मी उन्हाळाभर लांब बाह्यांत, हातमोज्यांत,
लग्नाला निघालेल्या चोरासारखी.

आज नेरिस आली, शेजारची.
हातात मीच पाठवलेलं पोस्टकार्ड,
माझ्यानंतर अकरा दिवसांनी पोचलेलं.
नाकावर चष्मा सरकवून तिनं दारातच वाचलं:
‘आज दीपगृहापर्यंत चढलो. दोनशे बारा पायऱ्या!
वारा असा की इव्होरची टोपी गेली. तुझी, एलिनेड.’
दोनशे बारा! नेरिस म्हणाली. आणि तू!
गेथिन किटलीकडे बघत राहिला.
पाणी उकळून गेलं होतं केव्हाच.

टोपी खरी आहे.
ती मी खालून पाहिली,
चाळिसाव्या पायरीवरून,
पांढरी, गिरक्या घेत जाताना.
तुम्ही व्हा पुढे, म्हटलं होतं मी,
आणि माझा भाऊ व्हायचा तेवढा पुढे झाला.
खाली खडकांवर दोन सील,
एक झोपलेला, दुसरा जांभया देणारा.
मग एक मुलगी येऊन बसली शेजारी,
सहा-सात वर्षांची, गुडघ्याला चिकटपट्टी.
तिचेही सगळे वर गेले होते.
तिनं मला अर्धं बिस्किट दिलं, ओलसर,
आणि विचारलं,
तुला पण कंटाळा आला?

चौदा वर्षं मला लोक विचारताहेत
कुठे दुखतं, किती दुखतं, एक ते दहामध्ये सांगा.
हो, मी म्हटलं. कंटाळा आला.
पाऊण तास आम्ही दोघी
कंटाळलेल्या होतो, बस.
पलीकडे समुद्र होता.
सीलनं कूस बदलली तेव्हा दोघींनी टाळ्या वाजवल्या.

हे पोस्टकार्डात मावलं नसतं.
मावलं असतं, खरं तर. मी लिहिलं नाही.

रात्री न्हाणीघरात जायचं म्हणून उठले.
आमच्या जिन्याला तेरा पायऱ्या.
पाचवीवर बसले.
काय झालं? खालून गेथिन,
हातात टॉवेल, चेहऱ्यावर तो चेहरा.
काही नाही, मी म्हटलं. कंटाळा आला.

तो थोडा वेळ उभाच राहिला.
मग बॅग ओलांडून आला,
तिसऱ्या पायरीवर बसला, माझ्या पायांशी,
आणि टॉवेल मांडीवर घडी करत राहिला, पुन्हा पुन्हा.
उद्या उघडू ती, म्हणाला.
किंवा बुधवारी, मी म्हटलं.
कोणत्याही.